जग जिंकायला निघालेले चुरी सर

चुरी सर कशाकशाला घाबरायचे ते सांगत बसले तर दिवस पुरायचा नाही. कुत्र्याला घाबरायचे. हायवे ओलांडायला घाबरायचे. रस्ता मोकळा असला तरी कोणीतरी सोबतीला येईपर्यंत टपरीशी उभे राहायचे. मोबाइलवर अनोळखी नंबर दिसला की फोन टेबलावर पालथा घालायचे. आणि हाच माणूस रोज दुपारी जेवण उरकलं की आमच्या आश्रमशाळेच्या ऑफिसात लॅपटॉप उघडून जग जिंकायला बसायचा.

आमची शाळा तलासरीच्या अलीकडे, हायवेपासून आत. मी तिथे मराठी शिकवते. मूळची आशागडची, राहते शाळेच्या आवारातच, तोंडाने फटकळ, आणि हे मी कौतुकाने सांगत नाहीये. चुरी सर मुलांच्या वसतिगृहाचे अधीक्षक. म्हणजे पाड्यापाड्यांवरून आलेल्या पोरांना उठवणं, आंघोळीला पाठवणं, जेवायला बसवणं, आजारी पडली तर दवाखान्यात नेणं, हे सगळं त्यांच्याकडे. घर वाणगावला, भावाची मिरचीची वाडी. सर आठवड्यातून एकदा घरी जायचे. बाकी मुक्काम पोरं झोपायची त्या हॉललगतच्या छोट्या खोलीत.

तो गेम मला शेजारच्या खुर्चीवर बसून बसून कळला. सुरुवातीला तुमच्याकडे एक गाव आणि भाला घेतलेला एक माणूस. बाकी सगळा नकाशा काळा. माणूस पुढे सरकेल तसा काळोख हटतो आणि डोंगर, नदी, दुसऱ्याचं गाव दिसायला लागतं. हळूहळू शेती येते, चाक येतं, तोफा येतात, विमानं येतात. तुम्ही तुमची चाल करायची, मग बाकीचे राजे आपापली करतात, मग पुन्हा तुमचा टर्न. सगळ्यांना हरवलं, किंवा सगळ्यांच्या आधी अंतराळात पोचलं, की जग तुमचं.

"आणि हा कॉम्प्युटर लबाड आहे, मॅडम," सर सांगायचे. "सगळ्यात अवघड लेव्हलला त्याच्या राजांना आधीपासूनच जास्तीची गावं, जास्तीचं सैन्य."

"मग सोपी लेव्हल घ्या ना. कोणी जबरदस्ती केलीय?"

"सोप्या लेव्हलला भीती वाटत नाही."

"अहो, तेच तर बरं."

"नाही. भीती वाटेनाशी झाली की माझं लक्ष जातं. मग कुठूनतरी कोणीतरी आत घुसतं."

खेळताना त्यांच्याकडे बघवायचं नाही. काळ्या भागात माणूस पाठवायचा झाला की श्वास धरून बसायचे. शेजारचा राजा पडद्यावर येऊन हसला, मैत्री करू म्हणाला, की यांच्या कपाळावर घाम. "हसतोय म्हणजे सैन्य गोळा करतोय," असं पुटपुटायचे आणि त्या बाजूच्या गावात आणखी एक सैनिक ठेवायचे. कॉम्प्युटरवर मात्र त्यांचा एका गोष्टीसाठी जीव होता. तो थांबायचा. सर बटण दाबेपर्यंत सगळे राजे, सगळ्या तोफा जागच्या जागी. चहा प्या, वर्गावर जाऊन या, दुसऱ्या दिवशी या. "घाई कोणाला आहे?" हे त्यांचं लाडकं वाक्य. मुख्याध्यापकांनी कसलाही कागद मागितला तरी हेच म्हणायचे, आणि मुख्याध्यापकांचं डोकं फिरायचं.

एकदा ते जिंकायच्या अगदी जवळ आले होते. सगळे राजे संपले, एकच उरला, तोही दूर बेटावर. शाळा सुटलेली, त्यामुळे आम्ही झाडून सगळे मागे उभे. स्वयंपाकघरातल्या काशीमावशीसुद्धा हात पुसत आलेल्या. बेट घ्यायला सैन्य कमी पडत होतं. आणि इकडे सरांच्या एकूण एक गावात तीन-तीन सैनिक नुसते पहाऱ्याला बसलेले, ज्या गावांच्या आसपास आता शत्रू शिल्लकच नव्हता अशा गावांतसुद्धा.

"काढा की ती माणसं तिथून!" मी म्हटलं.

"आणि मागून कोणी आलं तर?"

"कोण येणार? सगळे मेलेत!"

सरांनी एका गावावर बाण नेला, परत आणला, पुन्हा नेला. "गाव रिकामं कसं ठेवायचं, मॅडम," म्हणाले आणि एकही माणूस हलवला नाही. त्या बेटावरच्या राजाने पुढे यान बनवलं, अंतराळात गेला आणि गेम जिंकला. मला असा राग आला म्हणून सांगू! काशीमावशी म्हणाल्या, "एवढा गाव घेतला नि शेवटी बसून राहिलं." सर मात्र शांत होते. हरले होते, पण त्यांचं एकही गाव गेलं नव्हतं.

मग काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमच्याकडची जमीन हलायला लागली.

डहाणू-तलासरीच्या बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. भूकंप म्हणजे एकदा येतो आणि जातो असं त्यांना वाटतं. आमच्याकडे तो येतच राहिला. आधी आवाज येतो, जमिनीखालून डंपर गेल्यासारखा. मग पायांना कळतं. मग पत्रे वाजतात, भांडी वाजतात, आणि एकदम सगळं गप्प. त्या गप्प होण्याची मला जास्त भीती वाटायची, कारण पुढचा कधी ते कोणाला ठाऊक नसायचं. पाटावर बसलेय, खडू हातात आहे, केस विंचरतेय, कधीही. कढईला कोणाचा धक्का लागला तरी मी अर्धी उठलेली असायचे.

आणि माणूस किती निगरगट्ट, तेही तेव्हाच पाहिलं. दोन-तीन महिन्यांत लोकांनी त्याची सवय करून घेतली. हादरा बसला की हातातला घास तसाच ठेवून एक म्हणणार, "तीनचा असेल," दुसरा म्हणणार, "छे, साडेतीन." मग मोबाइलवर आकडा आला की जिंकलेला हसणार. आमच्या स्टाफरूममध्येही हे चालायचं. मीही आकडे सांगायचे. एकटे चुरी सर कधी आकडा सांगायचे नाहीत. ते तोवर मैदानात पोचलेले असायचे, पोरांची डोकी मोजत.

त्यांचं घाबरणं एकदा मात्र महागात पडलं. सकाळची वेळ, पोरं हॉलमध्ये अंथरुणं आवरत होती. मोठा आवाज झाला आणि सर जिवाच्या आकांताने ओरडले, "पळा! बाहेर पळा!" हॉलला दार एकच, आणि तेही आत उघडणारं. पोरं दारावर जाऊन आदळली. मागचे पुढच्यांना रेटताहेत, दार त्यांच्याच अंगाने बंद झालेलं, आणि आत नुसता कालवा. मी बाहेरून ढकलत होते, दार उघडत नव्हतं. हादरा केव्हाच थांबला होता. दार उघडलं तेव्हा तिसरीतला विनेश खाली सापडला. हात मोडलेला.

दुसऱ्या दिवशी विनेशचा बाप आला. सर त्याच्यासमोर उभे राहिले, पण वर बघेनात. तो भला माणूस. म्हणाला, "हात बसंल, गुरुजी. पण तुम्ही वरडू नका. तुम्ही वरडला की पोरांना वाटतं, आता मेलोच."

सर एवढंच म्हणाले, "नाही ओरडणार."

त्यानंतर पोरांना मैदानात मांडव घालून दिला आणि उरलेली थंडी नि उन्हाळा तसा निघाला. सगळे तिथेच झोपायचे, थंडी-वाऱ्याचे खोकले, विंचू-काट्याची भीती, पण डोक्यावर भिंत नव्हती. पाऊस तोंडावर आला तशी वरच्या ऑफिसातून चक्रं फिरली. एक साहेब पाहणीला आले. हॉलच्या भिंतींवर हात फिरवला, मागच्या भिंतीतली फट पाहिली, प्लॅस्टरची आहे म्हणाले. मुलं आठवड्याभरात आत घ्या.

मुख्याध्यापक मान डोलावत होते. चुरी सर आयुष्यात कधी वरिष्ठांसमोर बोललेले नव्हते. साहेबांच्या गाडीचा हॉर्न ऐकला तरी त्यांच्या चहाच्या कपात लाटा यायच्या. त्या दिवशी मात्र ते पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, मला भीती वाटते."

साहेबांना वाटलं, पुढे काहीतरी कारण येईल. ते थांबले. सरांकडे आणखी काही नव्हतं.

"कसली भीती?"

"भिंतीची. भीती वाटते, साहेब."

साहेब हसले. त्यांचं हसणं बघून मुख्याध्यापकही हसले. "अहो, अधीक्षकच घाबरले तर पोरांनी कोणाकडे बघायचं? आणि मग पावसात ठेवायचं का त्यांना? न्यूमोनियाने मरू द्यायचं?" साहेबांचंही अगदीच चूक होतं असं नाही, आणि तेच तर वाईट होतं. कुठेही ठेवलं तरी जीव टांगणीलाच. गाडी गेल्यावर सर पायरीवर बसले.

आठवड्याने मुलं आत आली. पण त्याआधी सरांनी दोन गोष्टी केल्या.

पहिली म्हणजे, हॉलचं दार बिजागऱ्यांतून काढून टाकलं. मुख्याध्यापक चिडले, "कुत्री शिरतील ना!" सर म्हणाले, "मी झोपतो दारात." कुत्र्याच्या सावलीला घाबरणारा माणूस उंबऱ्यावर सतरंजी टाकून झोपायला लागला. आमच्या आवारातली एक पांढरी कुत्री रोज येऊन त्यांना हुंगून जायची आणि सर डोळे गच्च मिटून पडून राहायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे टर्न. पळायचं नाही, ओरडायचं नाही, हे पोरांच्या गळी कसं उतरवायचं याचा त्यांनी फार विचार केला असणार. एक दिवस सगळ्यांना लॅपटॉपभोवती बसवलं आणि गेम दाखवला. "बघा, हा राजा एवढा मोठा, तोफा घेऊन उभाय. पण त्याचा टर्न नाही तोवर तो हलत नाही. हलतो का? आपणही तसंच. दाराजवळची रांग पहिली. मी म्हणणार, पहिली. ती उठणार, चालत जाणार. बाकीच्यांनी बसून राहायचं. मग दुसरी. ज्याचा टर्न, त्यानेच हलायचं."

"आणि तुमचा, सर?" विनेशने विचारलं.

"माझा सगळ्यात शेवटी."

पोरांना हा खेळ भलताच आवडला. रोज संध्याकाळी सराव व्हायचा. सर हजेरी घ्यावी तशा सपाट आवाजात म्हणायचे, "पहिली... दुसरी... तिसरी," आणि पोरं ओळीने मैदानात. लहान-मोठे हादरे चालूच होते, पण आता कोणी कोणावर पडत नव्हतं. मी बघत राहायचे, कारण मला माहीत होतं की त्या आवाजाखाली काय चाललेलं असतं. सराव संपला की सर मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत उभे राहायचे, आणि पुष्कळ वेळ बाहेर यायचे नाहीत.

श्रावणातला एक रविवार. दुपारची जेवणं झालेली, पोरं हॉलमध्ये पसरलेली. मी समोरच्या व्हरांड्यात पेपर तपासत होते. पाऊस असा की पत्र्यांवर दुसरं काही ऐकू येत नव्हतं. सर दारात खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर लॅपटॉप.

त्या दिवशी आवाज ऐकू आला नाही. एकदम माझी खुर्चीच सरकली. आजवरच्या सगळ्यांपेक्षा मोठा होता, हे अंगाला लगेच कळलं. मी मैदानात धावले आणि वळून पाहिलं. सर उठले होते. पण पत्र्यांच्या आवाजात त्यांचा आवाज टोकापर्यंत पोचेना, आणि शेवटच्या रांगेतली पोरं उठून उभी राहिली. आता ती धावणार आणि पुन्हा तेच होणार. सर दार सोडून आत गेले. रांगांच्या मधून चालत, अगदी मागच्या भिंतीपर्यंत. तिथे उभं राहून त्यांनी शेवटच्या रांगेला हाताने खाली बसवलं आणि म्हणाले, "पहिली."

पहिली रांग बाहेर आली. चालत. "दुसरी." माती पडत होती. "तिसरी." मी बाहेर एकेक डोकं पकडून मैदानाच्या मध्ये ढकलत होते आणि रडत होते, ते मला नंतर कळलं. "चौथी." मग शेवटची रांग आली, भिजत माझ्याजवळ उभी राहिली. हॉल रिकामा झाला. आणि सर तिथेच.

ते भिंतीपाशी उभे होते. हात अंगाला चिकटलेले, तोंड आमच्याकडे, डोळे उघडे. पाय हलत नव्हते.

"सर, या!" मी ओरडले. "या ना!"

पोरंही ओरडायला लागली. "सर, तुमचा टर्न! सर, तुमचा टर्न!" सगळं मैदान एकच ओरडत होतं. सर ऐकत होते, हे दिसत होतं. त्यांचे ओठ हलत होते. पण पाय नाही.

आणि माझ्या हाताखालून विनेश निसटला. मी त्याचा शर्ट पकडला, तो हातात राहिला नाही. तो आत गेला. धावला नाही, चालतच गेला, शिकवल्यासारखा. सरांचं बोट धरलं आणि त्यांना घेऊन निघाला. सर त्याच्यामागून पाऊल टाकत आले, आंधळ्या माणसासारखे. ते दोघं उंबऱ्यात असताना पुन्हा हादरा बसला आणि मागच्या भिंतीचा वरचा भाग खाली आला. शेवटच्या रांगेच्या अंथरुणांवर.

कोणाला खरचटलंही नाही. संध्याकाळपर्यंत आई-बाप आले, कोणी सरांच्या पाया पडलं. मुख्याध्यापकांनी फोनवर वरच्या ऑफिसला सगळं सांगितलं आणि "आमचे अधीक्षक" म्हणताना छाती फुगवली. सर मात्र मैदानाकडेच्या चिंचेखाली जाऊन बसले होते, आणि विनेशकडे बघतही नव्हते.

भिंत पुन्हा बांधायला मंजूर झाली. सरांनी बदली मागितली. मी भडकले. "आता? आता कुठे लोकांना तुमची किंमत कळली, आणि पळून चाललात?"

"मॅडम, तो आत आला."

"आणि तुम्हाला घेऊन बाहेर आला. झालं ना चांगलं?"

"दोन पावलं मागे असता तर?" त्यांचा आवाज सरावातल्यासारखा सपाट झाला. "मी शेवटी उभा राहतो, आणि माझे पाय चालत नाहीत. पुढच्या वेळी पण नाही चालणार. मला माहितेय ना माझं. मग कोणीतरी मला न्यायला आत येणार. ज्याच्यामुळे पोर आत येतं, तो माणूस तिथे नको."

माझा राग तिथेच विझला. त्यांना वाणगावजवळ कुठेतरी कारकुनी काम मिळालं. जाताना लॅपटॉप पोरांना ठेवून गेले.

मागच्या थंडीत मी वाणगावच्या बाजारात भाजी घेत होते. पाठीमागून ट्रक गेला, जमीन थरथरली, आणि माझा हात आपसूक दुकानाच्या खांबावर गेला. त्याच खांबाला पलीकडून दुसरा हात. चुरी सर. केस पार पिकलेले, हातात मिरच्यांची पिशवी. आम्ही दोघं ओशाळून हसलो.

घरचं विचारलं नाही, तब्येतीचं विचारलं नाही. म्हणाले, "पोरं कुठे झोपतात?"

"आतच. भिंत नवी आहे."

"हलतं अजून?"

"हलतं. मध्ये थांबतं, पुन्हा हलतं."

"टर्न कोण सांगतं?"

"नवे अधीक्षक डहाणूहून येऊन-जाऊन करतात. मीच सांगते."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "म्हणजे शेवटी तुम्ही."

"हो."

"पाय चालतात?"

"अजून तरी चालतात. भीती वाटते, पण चालतात."

सर माझ्या पायांकडे बघत राहिले. मग, उत्तर ऐकायची हिंमत होत नसल्यासारखं, हळूच विचारलं, "आत कोणी येत नाही ना? तुम्हाला न्यायला?"

खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं. सांगता आलं नाही. "विनेश," मी म्हटलं. "सातवीत आहे आता. त्याच्या रांगेचा टर्न झाला की बाहेर येतो आणि दारात उभा राहतो. किती ओरडले, मारायला धावले, हलत नाही. मी बाहेर आले की मगच मैदानात जातो."

बाजार चालू होता, कोणीतरी आम्हाला बाजूला व्हायला सांगत होतं. सरांनी मिरच्यांची पिशवी खाली ठेवली आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. इतक्या वर्षांत त्यांनी कधी मला स्पर्श केला नव्हता. त्यांचे हात गार होते.

"मग मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही उशीर करू नका."